होना, पाहिजे आणि चाहिए

आमच्या विदर्भात पहिलीच्या आधीच्या कोणत्याही खासगी वर्गाला 'कॉन्व्हेंट' म्हणतात. तो किराणा दुकानाच्या माडीवर भरो की कुणाच्या घराच्या पडवीत, नाव तेच. मारेगावही त्याला अपवाद नाही. बुरखा सावरत एखादी आई शाळेच्या फाटकाशी थांबते आणि अभिमानाने सांगते, "आपा, हमारी छोटी कॉन्व्हेंट में है." तेव्हा युरोपातल्या जोगिणींच्या मठाचा हा शब्द वणीच्या पुढे आमच्या गावापर्यंत कसा चालत आला याचे नवल वाटते. आत गेले की 'केजी वन' आणि 'केजी टू'. हे केजी म्हणजे फ्रोबेल नावाच्या जर्मन शिक्षकाने १८४० साली नाव दिलेले किंडरगार्टन, मुलांची बाग. प्रशियाच्या सरकारला त्या बागेची इतकी धास्ती वाटली की १८५१ मध्ये त्यांनी तिच्यावर बंदीच घातली. तिथे मुलांना नास्तिक आणि समाजवादी बनवतात असा त्यांचा संशय होता. आमच्याकडच्या केजीवर बंदी घालायला कोणत्याही सरकारला कारण सापडणार नाही. तिथे मुले हाताची घडी घालून ए फॉर ॲपल म्हणतात.

हे चेष्टेचे वाटेल, पण आमच्यासाठी हा पोटाचा आणि पटाचा प्रश्न आहे. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. पदवी बी.एड.ची, काम वरच्या वर्गांचे, परंतु शाळेत माणसे कमी म्हणून पहिलीही आमच्याच अंगावर. यंदा पहिलीत नऊ मुले आली. त्यातली तीन कॉन्व्हेंटमधून, चार सरकारी अंगणवाडीतून आणि दोन थेट आईच्या मांडीवरून. संचमान्यतेच्या कागदावर पट असाच उतरत गेला तर एक दिवस आम्ही 'अतिरिक्त' ठरू, वर्गाला कुलूप लागेल. त्या काळजीबद्दल उर्दू शिक्षकांच्या बैठकीत पुष्कळ बोलून झाले आहे. आज लिहायचे आहे ते या नऊ मुलांविषयी, आणि ती आमच्यापर्यंत पोचण्याआधीच्या तीन वर्षांविषयी. या तीन वर्षांचे काय करायचे याबद्दल पॅरिसपासून दिल्लीपर्यंत आणि दिल्लीपासून पुण्यापर्यंत कागदावर कागद लिहिले गेले आहेत. आमच्या मोहल्ल्याच्या तोंडी जी भाषा आहे तिचा पत्ता मात्र त्यात लागत नाही.

पहिल्याच आठवड्यात एका मुलाने आमची ओढणी धरून म्हटले, "आपा, मेरेकू पानी होना." हा मुलगा दोन वर्षे अंगणवाडीत होता. तिथल्या ताई भल्या आहेत, जीव लावतात, पण त्या मराठी बोलणार, "तुला पाणी पाहिजे का?" असे विचारणार. त्यांनी आम्हाला सांगितले होते की पोरगा हुशार आहे, पण तोंड उघडत नाही. कॉन्व्हेंटमधल्या मुलांना पाण्यासाठी एक पूर्ण इंग्रजी वाक्य पाठ आहे; ते त्यांना लघवीला जाण्यासाठीही चालते. आणि आमच्या उर्दू पाठ्यपुस्तकाचे म्हणणे, "मुझे पानी चाहिए." तहान एक, वाक्ये चार. यातले जे वाक्य मुलाने आईच्या दुधाबरोबर घेतले, नेमके तेच कोणत्याही शाळेत चालत नाही. उर्दू शाळांतूनही 'होना' ऐकले की 'चाहिए बोलो' म्हणण्याचाच रिवाज आहे. अस्सल जबानच्या अभिमानात आपण उर्दूवाले कुणाला हार जात नाही.

आता त्या 'होना'कडे जरा पाहू या. ही दख्खनी. लखनौला कुणी असे बोलणार नाही. मराठी माणूस 'मला पाणी हवे' म्हणतो, त्याच साच्यात आमच्या पूर्वजांनी उर्दूचे शब्द ओतले आणि 'मेरेकू पानी होना' तयार झाले. आमची मुले 'अभीच आया', 'वोइच बोला' म्हणतात. हा 'च' मराठीचा, दिल्लीच्या उर्दूत तो नाही. मुलांना 'पोट्टे' म्हणायचे ते वऱ्हाडी शेजाऱ्यांकडून घेतलेले. होकाराला 'हव', नकाराला 'नक्को'. म्हणजे बाहेरून आलेले आणि इथले, फारसीचे आणि मराठीचे, यांचा मेळ घालण्याचे जे काम धोरणकर्त्यांच्या समित्या करू पाहतात, ते आमच्या मोहल्ल्यातल्या बायकांनी नळावर भांडत-बोलत केव्हाच पुरे केले आहे. पाच वर्षांचे पोर हा सगळा ऐवज तोंडात घेऊन शाळेत येते, आणि शाळा त्याला पहिला धडा देते तो चूप बसण्याचा.

१९५३ साली युनेस्कोने जगभरच्या तज्ज्ञांचा अहवाल काढून सांगितले की मुलाला शिकवण्याचे सर्वांत चांगले माध्यम म्हणजे त्याची मातृभाषा. त्याला सत्तर वर्षे उलटली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सुद्धा किमान पाचवीपर्यंत घरची भाषा माध्यम असावी असे म्हणते, 'शक्य असेल तिथे' ही पुस्ती जोडून. आम्ही हे वाचतो तेव्हा एकच शंका येते. घर कुणाचे? कागद लिहिणाऱ्याच्या मनात 'स्थानिक' म्हटले की एक चित्र असते. ते चित्र महाराष्ट्रात असले तर त्यात बहुधा पंढरीची वारी असते, दिवाळीचा किल्ला असतो. आमची तक्रार त्या चित्राबद्दल नाही. गैरसमज नको. आमची पोरे तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल ओढत फिरणाऱ्या दोस्तांच्या मागे धावतात, खाऊ घेऊन येतात. तान्हा पोळा त्यांना कुणी शिकवावा लागत नाही. मोहरमच्या सवाऱ्या पाहायला सारे गाव लोटते, त्यात नवस बोलणारे कितीतरी हिंदू असतात. मारेगावचे 'स्थानिक' हे असे आहे. त्यात आणखी कोलामांच्या पोडांवरची मुले आहेत. त्यांची कोलामी तर द्राविडी कुळातली, मराठीशी तिचे नातेच नाही. एका तालुक्यात तीन-चार 'घरच्या भाषा' नांदतात आणि अंगणवाडीला साहित्य येते एका भाषेत. जागतिक ते परके आणि प्रांतिक ते आपले, हे गणित आमच्या मुलांपुरते तरी सुटत नाही. त्यांना न्यूयॉर्क जितके दूर तितकेच कधी कधी पुणे.

म्हणून परदेशी कल्पना म्हटली की नाक मुरडणारे आणि परदेशी म्हटले की मान डोलावणारे, या दोघांशीही आमचे जमत नाही. बाहेरची कल्पना आपल्या अंगणात कशी आणावी याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच घडून गेले आहे. ताराबाई मोडक मूळच्या मुंबईच्या, लग्नानंतर काही वर्षे आपल्या वऱ्हाडात, अमरावतीला राहिलेल्या. पुढे त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या. गिजुभाईंनी तिथे १९२० साली बालमंदिर काढले होते, ते इटलीच्या मारिया मॉन्टेसरीचे विचार वाचून. मॉन्टेसरीबाईंनी १९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले. तिथे मुलांसाठी मोजूनमापून केलेली साधने असत; मनोरे, दट्टे, खरखरीत कागदाची अक्षरे. ही साधने महाग, आणि ती जशी आहेत तशीच वापरली पाहिजेत असा त्या पंथाचा आग्रह. गिजुभाई आणि ताराबाईंनी तत्त्व घेतले, पेटी सोडली. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ निघाला. १९४५ मध्ये ताराबाई ठाणे जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या पालघरमधल्या, बोर्डी गावात गेल्या आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या.

बोर्डीला काय झाले ते आम्हाला फार मोलाचे वाटते. बालवाडी उघडली, पण ज्यांच्यासाठी ती उघडायची ती गरिबाघरची मुले येईनात. ताराबाईंनी पालकांना दोष दिला नाही. मुले शाळेत येत नाहीत ना, तर शाळाच त्यांच्या वस्तीत, त्यांच्या अंगणात नेऊ, असे ठरवले. ती अंगणवाडी. शंख, शिंपले, बिया, पाने, माती ही साधने झाली. पुढे १९५० च्या दशकात त्या दोघी कोसबादच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये गेल्या. तिथे पाहिले तर थोरली मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन येते, नाहीतर येतच नाही. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी केली, तिला विकासवाडी म्हणत. जी मुले गुरे राखायला जातात त्यांच्यासाठी कुरणावर शाळा गेली. आज तीन ते आठ वर्षे हा एकच 'पायाभूत स्तर' मानावा असे २०२० चे धोरण सांगते आणि त्याच्या समर्थनाला मेंदूविज्ञानाचे आकडे देते. कोसबादला ते मेंदू न मोजता, कडेवरचे मूल पाहून सुचले होते.

मग २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. तिच्या मागे युनिसेफचा हात होता, आणि तिच्या केंद्रांना नाव मिळाले अंगणवाडी. मराठी मुलखातल्या एका अंगणातून निघालेला शब्द सरकारी ठशासह पुन्हा आमच्या दारी आला. नाव आले, सुकडी आली, लसीकरण आले. या गोष्टी लहान नाहीत, त्यांनी पोरे जगवली. पण अंगण यायचे राहिले. ताराबाईंची अंगणवाडी मुलाकडे चालत जायची. योजनेतली अंगणवाडी एका खोलीत बसते, आणि मूल तिच्यापाशी गेले म्हणजे त्याने आपली बोली चपलेसारखी दाराबाहेर काढून ठेवायची असते.

आपल्या समाजात या ताराबाईंचे नाव फारसे कुणी घेत नाही, जसे मराठी शाळांत डॉ. झाकिर हुसेन यांचे नाव राष्ट्रपतींच्या यादीपुरतेच येते. वास्तविक वर्धा आमच्यापासून फार लांब नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये तिथे गांधीजींनी शिक्षण परिषद भरवली आणि नव्या तालमीचा आराखडा करायला जी समिती नेमली तिचे अध्यक्ष झाकिरसाहेब होते. मातृभाषेतून शिक्षण, हाताने काम, ही त्या आराखड्याची दोन चाके. तो सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी होता. १९४५ साली सेवाग्रामला नव्या तालमीचा पल्ला जन्मापासून मरणापर्यंत वाढवला गेला आणि सातच्या आतल्या मुलांसाठी पूर्व-बुनियादी टप्पा ठरला. हे सगळे अगदी देशी, खादीचे वाटते. पण झाकिरसाहेब बर्लिनहून डॉक्टर होऊन आले होते, आणि कामातून शिक्षण देणाऱ्या केर्शेनश्टायनर या जर्मन शिक्षणतज्ज्ञाचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. वर्ध्याच्या चरख्यात एक धागा जर्मनीचा होता, आणि त्याने चरखा परदेशी झाला नाही.

बर्लिनहून झाकिरसाहेबांच्या ओळखीने आणखी एक व्यक्ती आली. गेर्दा फिलिप्सबोर्न, एक ज्यू बाई. जर्मनीत हिटलर सत्तेवर आला त्या १९३३ साली त्या जामिया मिल्लियात दाखल झाल्या. पगार नावाला, राहणे साधे. त्यांनी जामियाच्या लहान मुलांचे काम अंगावर घेतले. उर्दू शिकल्या, मुलांच्या उवा काढल्या असतील, नाके पुसली असतील, ते कुठे लिहून ठेवलेले नसते. मुले त्यांना 'आपाजान' म्हणत. महायुद्धात इंग्रज सरकारने त्यांना जर्मन म्हणून नजरकैदेत टाकले. १९४३ साली कर्करोगाने त्या गेल्या आणि जामियाच्याच कब्रस्तानात त्यांना मूठमाती मिळाली. जामियाच्या पाळणाघराला आज त्यांचे नाव आहे. उर्दू शाळेत आम्हाला मुले 'आपा' म्हणून हाक मारतात तेव्हा कधी कधी या बाईची आठवण येते. फ्रोबेलच्या देशातून आलेली ही आपाजान, आणि आमच्या गल्लीतली 'केजी टू'. दोन्ही जर्मनीहूनच आलेल्या म्हणायच्या.

झाकिरसाहेबांनी मुलांसाठी गोष्टीही लिहिल्या. 'अब्बू खाँ की बकरी' आपल्यापैकी पुष्कळांनी उर्दू शाळेत वाचली असेल. अल्मोड्याच्या अब्बू खाँची चांदनी दोरी तोडून डोंगरावर जाते आणि रात्रभर लांडग्याशी झुंजते. हेच कथानक आल्फोन्स दोदे या फ्रेंच लेखकाच्या गोष्टीत आहे. तिथे मालकाचे नाव सेगाँ आणि डोंगर फ्रान्सचा. झाकिरसाहेबांनी बकरी फ्रान्समधून अल्मोड्याला आणून बांधली आणि ती इतकी आपली झाली की तिची जात कुणी विचारली नाही. गंमत म्हणजे आमच्या पहिलीतल्या मुलांना अल्मोडाही परकाच. आम्ही सांगताना अब्बू खाँला मारेगावच्या जंगलालगत आणतो, तरी गोष्ट मोडत नाही. उलट एकाने विचारले, "आपा, लांडगा कू टिपेश्वर के वाघ ने कायकू नै खाया?"

दिशेचा एक प्रकार सांगितला पाहिजे. आमची मुले दुपारी असरच्या नमाजनंतर मकतबमध्ये कायदा घेऊन बसतात. अलिफ, बे, ते, उजवीकडून डावीकडे. सकाळी अंगणवाडीत रेघांचे सराव-कागद, डावीकडून उजवीकडे. साडेचार वर्षांचे मूल दोन्ही करते आणि बहुतेक वेळा गोंधळत नाही. गोंधळतात ती मोठी माणसे. शाळापूर्व तयारीच्या एका पाहणीत मुलांना चार चित्रकार्डे लावायला दिली होती. बी, अंकुर, रोप, झाड. आमच्या एका मुलीने बी उजव्या हाताला ठेवले आणि झाड डावीकडे नेले. पाहायला आलेल्या गृहस्थांनी फुली मारली. आम्ही म्हटले, साहेब, ही उर्दूची मुलगी आहे, तिने उजवीकडून सुरुवात केली, क्रम बरोबर आहे. त्यांना पटले, माणूस वाईट नव्हता, पण म्हणाले, "मॅडम, फॉर्ममध्ये तसा रकाना नाही."

हा रकाना मुळात कुठून आला याचा माग काढला तर तो न्यूझीलंडपर्यंत जातो. तिथल्या मेरी क्ले यांनी १९७० च्या दशकात एक साधी रीत बसवली. मुलाच्या हाती पुस्तक द्यायचे आणि ते कुठून उघडते, बोट कुठून कुठे नेते, ते पाहायचे. यावरून लिहिलेल्या मजकुराची त्याला कितपत जाण आहे हे कळते. त्यांची मुले इंग्रजी वाचणारी, म्हणून बोट डावीकडून उजवीकडे. मूलाला लिपीची दिशा कळली आहे का, हा त्यातला मुद्दा. देशोदेशी प्रवास करता करता तो मुद्दा गळून पडला आणि आमच्यापर्यंत 'डावीकडून' तेवढे पोचले. परदेशी विचार आपल्याकडे बिघडतो तो बहुधा असा. विचार वाटेत कुठेतरी उतरून जातो आणि त्याची पेटी तेवढी शेवटच्या थांब्यापर्यंत येते.

मॉन्टेसरीच्या सुट्या अक्षरांचेही तेच. लाकडी अक्षरे जुळवून शब्द करायचा, ही कल्पना इटालियनला ठीक, इंग्रजीला ठीक. मराठीला काना-मात्रा जोडून निभावते. उर्दूचे अक्षर मात्र शेजारी बदलला की रूप बदलते. शब्दाच्या सुरुवातीचा 'बे' वेगळा, मधला वेगळा, शेवटचा वेगळा. 'दाल' नंतरच्या अक्षराचा हात धरत नाही. सुटी अक्षरे जुळवून उर्दू शब्द होत नाही, झाला तर वाचता येत नाही. मग आम्ही पुठ्ठ्यावर प्रत्येक हरफाची तीन-तीन रूपे कापली. बोट फिरवायला खरखरीत कागद परवडत नाही, त्यावर सरकी चिकटवली. आमच्या भागात कापसाला तोटा नाही. मोजणीला पऱ्हाटीच्या काड्या. सागाची कोवळी पाने चोळली की तळहात मेंदीसारखे लाल होतात. त्या हातांचे ठसे उमटवून मुले बोटे मोजतात. यात आम्ही मोठे काही केले असे नाही. कोसबादच्या बायकांनी शिंपले वापरले, आम्ही सरकी वापरली.

फेब्रुवारी २०२३ मध्ये दिल्लीहून 'जादुई पिटारा' आला. तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी खेळणी, बाहुल्या, कोडी, चित्रकार्डे. कल्पना चांगली आहे आणि स्थानिक वस्तू वापरा असे त्यात मुद्दाम सांगितले आहे. त्याच काळात राज्यात जागतिक बँकेच्या साहाय्याचा 'स्टार्स' प्रकल्प आला. २०२० मध्ये मंजूर झालेल्या त्या प्रकल्पात निवडलेल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. 'निपुण भारत' २०२१ पासून आहेच, तिसरीपर्यंत प्रत्येकाला वाचता आणि गणित करता आले पाहिजे असे त्याचे लक्ष्य. यातले प्रत्येक काम चांगल्या हेतूने काढलेले आहे असे आम्ही मानतो. परंतु प्रशिक्षणाला गेलो की उर्दूचे साहित्य 'मागाहून मिळेल' असते. मागाहून म्हणजे कधी कधी पुढची योजना आल्यावर. तोवर आम्ही मराठी कार्डांवर पेन्सिलीने उर्दू लिहून काम चालवतो, आणि ते मुलांना आवडते. एकाच चित्राला दोन बाजूंनी दोन नावे सुरू होतात म्हणून.

२०२५ च्या उन्हाळ्यात राज्यात भाषेवरून मोठे वादळ उठले. १६ एप्रिलला निर्णय निघाला की मराठी आणि इंग्रजी शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा. १७ जूनला तो बदलला. २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमली गेली. सहा वर्षांच्या कोवळ्या जिवावर तीन भाषांचे ओझे नको, असे मोठमोठे लेखक, शिक्षणतज्ज्ञ कळवळून सांगत होते. ते बरोबरच सांगत होते. फक्त आमच्या वर्गातली मुले पहिलीपासून उर्दू, मराठी आणि इंग्रजी अशा तीन भाषा आधीपासून शिकत आहेत, ही गोष्ट त्या सबंध वादात आम्हाला क्वचितच कुठे ऐकू आली. मकतबची अरबी धरली तर चार भाषांची गाठ. आमच्या मुलांचेही ओझे उतरवा, असे आम्ही म्हणणार नाही. मराठी तर त्यांना हवीच, ती इथलीच आहेत. पण ज्यांनी हे ओझे उचलून पाहिले आहे त्या उर्दू शाळांकडे येऊन, बायांनो, हे तुम्ही कसे निभावता, एवढे तरी विचारायला हरकत नव्हती.

घरचा प्रश्नही आहेच. आमची धाकटी मुलगी साडेतीन वर्षांची. तिच्या अब्बांचे म्हणणे कॉन्व्हेंट. चार लोकांची मुले जातात, उद्या आपल्याला बोल लागू नये. दादीअम्मांचे म्हणणे, चार वर्षे, चार महिने, चार दिवस झाल्याशिवाय पाटीला हात लावू नका. बिस्मिल्लाखानीचा हा दिवस आपल्या घरांतून आता विरळ होत चालला आहे. मूल नवे कपडे घालून मौलवीसाहेबांच्या पुढ्यात बसते, पहिला हरफ गिरवते, लाडू वाटले जातात. हा काही शरियतचा हुकूम नव्हे, हिंदुस्थानी मुसलमानांचा रिवाज आहे, आणि उलेमाही तसेच सांगतात. पण त्यात एक शहाणपण आहे, की अक्षराआधीची वर्षे मुलाची आणि आजीची. फिनलंडमध्ये शाळा सातव्या वर्षी सुरू होते हे सांगून शिक्षणतज्ज्ञ टाळ्या घेतात. दादीअम्मा तेच सांगतात तेव्हा तो अडाणीपणा ठरतो. आमचे म्हणणे दादीअम्मांना अर्धेच पटले. आम्ही म्हटले, अक्षर नको, पण खेळायला चार पोरे हवीत, गाणी हवीत, ती अंगणवाडीत आहेत. मुलगी आता अंगणवाडीत जाते. पहिला महिना तीही गप्प होती. मोहल्ल्यात मात्र शिक्षिकेची मुलगी सरकारी अंगणवाडीत, म्हणून कुजबुज झाली. दोन-तीन आयांनी आपली मुले पाठवली, एका घरी मात्र अजून तोंडावर म्हणतात, आपा कंजूस है.

अंगणवाडीच्या ताईंशी आमचे बोलणे यातूनच वाढले. त्यांना आम्ही 'होना' समजावून सांगितले, तर त्या हसून म्हणाल्या, "अहो, हे तर आमचंच हवं-नको आहे." मग ठरले की एक वही करायची. मुलांच्या तोंडून येणारा प्रत्येक शब्द त्या देवनागरीत लिहितात, आम्ही समोरच्या पानावर उर्दूत, आणि त्याचा मराठीतला जोडीदार खाली. ताईंची याआधीची नेमणूक एका पोडावर होती, म्हणून शेवटची काही पाने त्यांनी कोलामीसाठी राखली आहेत; तिथल्या मदतनीस बाईला विचारून त्या भरणार आहेत. वही डावीकडून उघडायची की उजवीकडून, यावर पहिल्याच दिवशी आमचा वाद झाला. शेवटी दोन्हीकडून उघडली. आतापर्यंत एकशे बारा शब्द झाले आहेत. परवा 'डोक्याला' म्हणायला एका पोराने 'डोस्क्याकू' म्हटले. हा कुणाच्या बाजूला लिहायचा, हे अजून ठरलेले नाही.